आधी पाइप, मग रस्ता

बालमित्रांनो, माझ्याकडे बघून नाक मुरडू नका. मी एक जुना, गंजलेला, बिडाचा पाइप आहे. पाइप तरी कसला, पाइपचा हातभर लांब तुकडा. बीड म्हणजे ओतीव लोखंड. 'मोडेन पण वाकणार नाही' असं तुमच्यातले काही जण छाती फुगवून सांगतात ना, आमच्यात त्याचं कुणाला कौतुक नाही. आम्हाला वाकताच येत नाही, करणार काय! सध्या माझा मुक्काम घाटकोपरला, कंत्राटदारांच्या संघटनेच्या ऑफिसात, खिडकीजवळच्या टेबलावर आहे. मला काळा रंग फासलाय आणि खाली लाकडी पाट दिलाय. येणारेजाणारे विचारतात, "हे काय आहे?" आणि उत्तर यायच्या आत चहा मागवतात. म्हणून म्हटलं, आपली कहाणी आपणच सांगावी.

माझा जन्म भट्टीत झाला. वितळलेलं लोखंड साच्यात ओतलं, ते गार झालं आणि मी झालो. तेव्हा माझं तोंड इतकं रुंद होतं की लहान कळशी सहज आत जावी. आतून मी गुळगुळीत होतो. माझ्यासारख्या शंभरेक भावांना ट्रकमधून घाटकोपरला आणलं. तिथे एका टेकडीच्या पायथ्याशी लांबलचक चर खणून आम्हाला एकापुढे एक निजवलं, सांध्यांत शिसं ओतलं आणि वर माती लोटली. अंधार झाला. पण दुसऱ्याच दिवशी माझ्या पोटातून पाणी धावलं आणि मी सगळं विसरलो. टेकडीवर तेव्हा साठ-सत्तर झोपड्या असतील. कुणाचं बारसं, कुणाचं लग्न, कुणाच्या घरी आलेले पाहुणे, सगळ्यांचा स्वयंपाक माझ्या पाण्यावर व्हायचा. जमिनीखाली कोण राबतंय हे कुणाला ठाऊक नव्हतं. त्याचं मला काही वाटलं नाही. मी खूश होतो, अगदी मनापासून खूश होतो.

पुढे वस्ती वाढत गेली. झोपड्यांची पक्की घरं झाली, घरांवर माळे चढले, पण पाइप तोच राहिला. माझ्या डोक्यावरचा रस्ता दरवर्षी उखडायचा, दरवर्षी त्याच्यावर डांबर पडायचं. शेजारून गटार गेलं. वरून सिमेंटचे ट्रक जाऊ लागले, तसे आमचे सांधे ढिले झाले. माझ्या आत गंजाच्या गाठी धरल्या आणि वाट अरुंद होत गेली. पाणी चालू असायचं तोवर मी भरलेला असायचो, घाण बाहेर राहायची. पाणी बंद झालं की मी रिकामा व्हायचो आणि गटाराचं पाणी फटीतून हळूच आत शिरायचं. दुसऱ्या दिवशी तेच पाणी मी वर टेकडीवर पोचवायचो. मला सगळं कळत होतं, मित्रांनो. लाजेने जीव जायचा.

एका दुपारी माझ्या शेजारचा सांधा फुटला आणि रस्ता खचला. दुरुस्तीला आला राजाराम. हा राजाराम पाइप जोडणारा फिटर. शिवदास नावाच्या कंत्राटदाराकडे वीस वर्षं कामाला होता आणि राहायला त्याच टेकडीवर. त्याने मला कापून वर काढलं, उजेडात धरलं आणि आत डोकावला. मग त्याने हात घालून पाहिला.

"शेठ, ह्यात माझी मूठ पण जात नाय," तो म्हणाला. "आणि हा वास बघा. माझी पोर ह्याच पाण्यावर मोठी झाली हो."

शिवदास मालवणचा माणूस. जिभेवर शिवी आणि पोटात माया. त्याने मला बघितलं आणि कपाळाला हात लावला. "अरे मेल्या, भंगारात नको टाकू तो. गोणीत घाल. आता दाखवतो एकेका साहेबाला!"

माझ्या जागी तेवढाच हातभर नवा पाइप बसला. बाकीचे माझे भाऊ होते तिथेच राहिले.

शिवदास कंत्राटदारांच्या संघटनेचा चिटणीस होता. रस्त्यांवर आणि पाणीपुरवठ्यावर सरकारने जास्त पैसा घालावा, ही संघटनेची मागणी. खोटं कशाला बोलू, त्यात त्यांचा स्वार्थ होताच. कामं निघाली की कंत्राटं मिळतात. पण मागणी खोटी नव्हती. बजेटच्या आधी शिष्टमंडळ निघालं की राजाराम मला खांद्यावर टाकायचा आणि म्हणायचा, "चल म्हाताऱ्या, हजेरी लावून येऊ." सरकारी ऑफिसात शिवदास मला साहेबांच्या टेबलावर धाडकन ठेवायचा. "घाला हात साहेब, घाला! लोक हे पाणी पितात. आमचं एकच म्हणणं आहे, आधी पाइप, मग रस्ता. खालचं सडकं ठेवून वर रस्ता करू नका."

एका साहेबांनी बोट घातलं आणि रुमालाला पुसलं. एकांनी पंख्याने कागद उडू नयेत म्हणून फाइल माझ्याखाली दाबली. "वा, काय झकास नमुना आणलात," असं मात्र सगळे म्हणायचे. माझे फोटो निघायचे. दौरा संपला की कांजूरमार्गला शिवदासच्या गोदामात, बंद पडलेल्या रोलरशेजारी वर्षभर पडून राहायचं. वारा फिरला की डंपिंग ग्राउंडच्या कचऱ्याचा वास यायचा. अशी पाच वर्षं गेली.

सहाव्या वर्षी राजाराम मला उचलायला आला तोच मुळी हसत. त्याची एकुलती एक पोर चेतना लग्न होऊन बोरीवलीला गेली होती. सासर सोसायटीत, चोवीस तास स्वच्छ पाणी. तिला दिवस गेले होते. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणजे सातव्या महिन्यात ती टेकडीवर येणार होती.

"शेठ, आजोबा होतोय मी," तो शिवदासला म्हणाला. "पोरगी यायच्या आत पाण्याचं तेवढं बघा ना."

"बघतो म्हणजे? करतोच!" शिवदासने त्याच्या पाठीत थाप मारली.

आणि त्या वर्षी खरंच सरकारचं पत्र आलं. टेकडीच्या रस्त्याला पैसा मंजूर झाला होता, सिमेंट काँक्रीटचा रस्ता होणार होता. पाइपचं काम पुढच्या वर्षावर ढकललं होतं. संघटनेची बैठक याच ऑफिसात झाली, मी टेबलावर होतो. अध्यक्ष रतनशेठ म्हणाले, "मिळतंय ते घेऊया ना यार. मार्चच्या आत काम केलं नाही तर हेही परत जाईल."

"आणि खालचा पाइप?" शिवदास उसळला.

"परवानगी काढू, रस्त्याच्या आधी टाकू, बिल पुढच्या वर्षी घेऊ. कशाला टेन्शन घेतोस?"

सगळ्यांनी हात वर केले. शिवदासने सगळ्यात शेवटी केला, पण केला. मी बघत होतो.

कामाचा नारळ फुटला तेव्हा मला मंचावर ठेवून झेंडूचा हार घातला. आयुष्यात पहिल्यांदा माझा मान झाला होता आणि मीही हुरळून गेलो, लपवत नाही. मंचावरून उतरताना शिवदास राजारामला म्हणाला, "तुझी पोर यायच्या आत पाइप पडलेला असेल. आण तिला बिनधास्त." तो खोटं बोलत नव्हता. त्याला खरंच तसं वाटत होतं.

परवानगी आली नाही. शिवदास रोज फोन लावायचा. राजारामला सांगायची त्याला लाज वाटत होती, म्हणून आज सांगू, उद्या सांगू करत त्याने दीड महिना काढला. तेवढ्यात चेतना माहेरी आली. शांताबाईने, म्हणजे राजारामच्या बायकोने, गल्लीभर पेढे वाटले. ऑफिसातही चार पेढे आले होते. शिवदासने त्यातला एकही खाल्ला नाही.

मग एका सकाळी राजाराम धावतच ऑफिसात आला. "शेठ, मिक्सर उभा राहिलाय. पाइप कुठाय?"

"परवानगी नाही आली रे."

"मग थांबवा ना रस्ता!"

"थांबवला तर पैसा परत जाईल. पाइप पुढच्या वर्षी..."

"पुढच्या वर्षी?" राजारामचा आवाज चिरकला. "पंचवीस वर्षं हेच काम करतोय मी शेठ. नवीन काँक्रीटला पाच-पाच वर्षं फावडं लावू देतात का कोण? पोरगी घरात आहे माझी!"

राजारामने माझ्या पाठीवर हात ठेवला आणि तो निघून गेला. ज्या रस्त्यासाठी मी पाच वर्षं टेबलाटेबलांवर नाचलो, तोच रस्ता आता माझ्या भावांवर झाकण घालणार होता. माझ्याच साक्षीने मिळवलेला तो रस्ता होता. आग लागो माझ्या त्या हाराला!

पुढचं मी राजारामच्या तोंडून ऐकलं. घरी जाऊन तो शांताबाईला म्हणाला होता, पोरीला बोरीवलीला परत पाठवू. शांताबाई चिडली. "पहिलटकरीण माहेरी आली आणि पंधरा दिवसांत परत धाडू? लोक तोंडात शेण घालतील. मी पाणी उकळून देते तिला." आणि तिने खरंच थेंबन् थेंब उकळला. पण उकळलेलं पाणी कुठेकुठे पुरणार? दात घासायला, चूळ भरायला, काकडी-टोमॅटो धुवायला नळच. त्यात काँक्रीटच्या आधी माती दाबायला रोलर फिरला होता, त्याने खालचे उरलेसुरले सांधे सुटले होते. पाणी पिवळं यायला लागलं. महिन्याभरात चेतनाला कावीळ झाली. पाण्यातून होणारी कावीळ गरोदर बाईला फार वाईट, असं डॉक्टर म्हणाले. आठ दिवस ती दवाखान्यात होती.

चेतना गेली. पोटातलं बाळही गेलं.

हे सांगताना राजाराम रडला नाही. शिवदास रडत होता. "मी तुला वेळेवर सांगितलं असतं तर..." एवढंच त्याच्या तोंडून निघालं आणि त्याने राजारामचे पाय धरले. राजारामने त्याला उठवलं. म्हणाला, "दवाखान्याची गाडी मात्र झटकन आली शेठ. एक हिसका नाय बसला पोरीला. रस्ता चांगला केलाय तुम्ही." तो टोमणा होता की नुसतंच बोलणं होतं, मला अजून कळलेलं नाही. पण त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं, भट्टीतच फुटलो असतो तर बरं झालं असतं.

पुढच्या वर्षी पुन्हा बजेट आलं. शिवदास म्हणाला, मी येत नाही. राजारामनेच मला खांद्यावर घेतलं. "चला शेठ. खाली अजून सगळी गल्ली पाणी पितेय."

खुर्चीत तेच, रुमालाला बोट पुसणारे साहेब होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि हसले. "अहो, हा तर जुनाच नमुना! यंदा नवीन काही आणलं नाही का?"

तेव्हा राजाराम दारातून पुढे आला. एवढ्या वर्षांत तो त्या खोलीत एक अक्षर बोलला नव्हता.

"नवीन आहे ना साहेब. पण वरून रस्ता झालाय, खणायला बंदी आहे. कापून आणता नाय आला." त्याने खिशातून चार घड्या केलेला कागद काढला, माझ्यावर ठेवला आणि तळव्याने सरळ केला. "हा चालेल का बघा."

तो चेतनाच्या मृत्यूचा दाखला होता. साहेबांनी वाचला. पुन्हा वाचला. हातातला कप खाली ठेवायला त्यांना जागा सापडेना. शेवटी ते हळूच म्हणाले, "बघतो मी." राजारामने कागदाची पुन्हा घडी घातली. खिशात ठेवताना तो फाटू नये म्हणून किती जपत होता!

त्याला आता आठ महिने झाले. पत्र आलेलं नाही. रस्ता छान आहे, पोरं त्यावर क्रिकेट खेळतात. शांताबाई अजूनही सगळं पाणी उकळते. आता कुणासाठी, असं तिला कुणी विचारत नाही.

मित्रांनो, माझ्यासाठी मला काही नको. मी म्हातारा, उद्या भंगारात गेलो तरी चालेल. पण माझं एक ऐका. तुमच्या गल्लीत रस्ता व्हायला लागला, तर नुसत्या टाळ्या वाजवू नका. आईबाबांना घेऊन खड्ड्याशी जा आणि विचारा, खालचा पाइप बदलला का? बदलला नसेल तर काँक्रीट पडायच्या आत ओरडा. लोक म्हणतील, ही कसली कटकटी पोरं. म्हणू देत. घसा बसेपर्यंत ओरडा. मला तोंड होतं, पण आवाज नव्हता. असता, तर चेतनाच्या पहिल्या घोटालाच मी ओरडलो असतो, पिऊ नकोस गं बाळा, पिऊ नकोस.