डॉक्टर उंदुर्रागांचा एक शब्द

एवारिस्तोने डॉक्टर उंदुर्रागांचा शेरा वाचला, चष्मा पुसून पुन्हा वाचला, तरी तिथे तेच होतं: ‘वारा पडल्यावर बंदर दिसतं, तशी आज ही बाई दिसते.’

बंदराला आकडा नव्हता. प्रत्येक आजाराला आकडा देणारं जाडजूड पुस्तक त्याच्या टेबलावर होतं. डॉक्टरांनी लिहिलेलं वाचून त्याला आकडा लावायचा, हीच वालपराइसोच्या त्या इस्पितळातली त्याची नोकरी. शेऱ्यातून आकडा निघाला नाही, की संगणक मागच्या भेटीचाच आकडा पुढे ओढायचा. त्यामुळे ओदिलिया साएस वर्षभर रांगेत शांतपणे स्वेटर विणत बसायची आणि कागदोपत्री वर्षभर उन्मादात असायची.

खिडकीपलीकडे ती आत्ताही विणतच होती.

“काय, बदलला का माझा आकडा?”

“शेरा परत पाठवतोय.”

“पुन्हा? अहो, मी कशी आहे ते दिसत नाही का तुम्हाला?”

“दिसतं. पण मला दिसलेलं चालत नाही, बाई. डॉक्टरांनी लिहिलेलं चालतं.”

“मग सांगा ना त्यांना, काय लिहायचं ते!”

नेमकं तेच करता येत नव्हतं. डॉक्टरांना विचारता येतं, उत्तर सुचवता येत नाही, हा त्या कामाचा नियम. आणि एवारिस्तो नियम पाळणाऱ्यांपैकी, म्हणजे बढती न मिळालेल्यांपैकी होता.

ओदिलिया आसेन्सोर चालवायची. रुळांवरून माणसं टेकडीवर नेणारा तो लाकडी डबा तिने उन्मादात एकदा अख्खा दिवस फक्त गल्लीतल्या कुत्र्यांसाठी चालवला होता. कुत्र्यांची तक्रार नव्हती. नगरपालिकेची होती. तेव्हापासून तिला कामावरून दूर ठेवलं होतं. आता शुक्रवारी तिचे कागद तपासले जाणार होते. उन्मादाचाच आकडा दिसला तर नोकरी गेली. दुसरं कुणी न मिळाल्याने डबा बंद होता आणि सगळी टेकडी जिन्यांवर धापा टाकत होती.

“खरं सांगा,” सुई थांबवून ती म्हणाली, “तुम्ही बसाल का माझ्या डब्यात?”

एवारिस्तोने टेबलावरचा शिक्का उगाच सरळ केला.

“माझं वर काही काम नसतं.”

त्याने डॉक्टरांना लिहिलं: ‘सद्यस्थिती कृपया वैद्यकीय शब्दांत द्यावी.’ उत्तर आलं: ‘आज तिने पाव कबुतरांना घातला नाही, स्वतः खाल्ला.’ एवारिस्तोला वाक्य आवडलं, हीच पंचाईत.

गुरुवारी संध्याकाळी तो टेकडीच्या पायथ्याशी उभा राहिला. डॉक्टर अगदी वर राहायचे.

“तुम्ही इकडे कुठे?” घरी निघालेल्या डॉक्टरांनी विचारलं.

“येतो थोडं तुमच्याबरोबर.”

पहिल्या वळणावर त्याने विचारलं, “डॉक्टर, ओदिलिया साएसची सध्याची अवस्था काय?”

“मित्रा, माणूस म्हणजे समुद्र. भरती येते, ओहोटी येते…”

पुढच्या वळणावर तोच प्रश्न, त्याच शब्दांत.

“ओहोटीनंतरची… वाळू…” डॉक्टरांनी कठडा धरला.

एवारिस्तोला घाई नव्हती. पायऱ्या भरपूर होत्या. बंद डबा दिसू लागला तिथे डॉक्टर पायरीवरच बसले, लालबुंद.

“डॉक्टर, ओदिलिया साएसची सध्याची…”

उपमेला लागतो तेवढा श्वास त्यांच्यात उरला नव्हता.

“उपशम!” ते ओरडले. “पूर्ण उपशम! कित्येक महिने एक लक्षण नाही. झालं समाधान?”

“तोंडी चालत नाही,” म्हणत एवारिस्तोने कागद आणि पेन पुढे केलं.

डॉक्टरांनी गुडघ्यावर कागद ठेवून लिहिलं, सही केली आणि वर उरलेल्या पायऱ्यांकडे पाहिलं.

“हा डबा कधी सुरू होणार हो?”

“मला काही सुचवता येत नाही, डॉक्टर.”

शुक्रवारी ओदिलियाने खिडकीतून कागद घेतला.

“एकतीस पॉइंट सात. म्हणजे?”

“आजार आहे, पण निजलेला.”

“आणि आजारच नाही, त्याचा आकडा?”

“तशी माणसं आमच्याकडे येत नाहीत.”

ती हसली आणि कागद लोकरीच्या पिशवीत ठेवून नगरपालिकेकडे निघाली.

सोमवारी एवारिस्तो आसेन्सोरच्या खालच्या फाटकातून आत शिरला. वर त्याचं काहीही काम नव्हतं. फाटकवाल्याने घंटा वाजवली. वरून, चालकाच्या खोलीतून, ओदिलियाचं उत्तर आलं: एकच ठोका, आटोपशीर.

डब्यातल्या बाकावर एक कुत्रं आधीच बसलेलं होतं. ते थोडं सरकलं.