वादळाच्या मागं जाणारं जहाज

माही पोरगी दामिनी विशाखापट्टणमले समुद्राचा अभ्यास करते. सोमवारी तिचा फोन आला. "आई, समुद्रात वादळ उठलं. ते सरलं का आमचं जहाज त्याच्या मागं जाणार. बारा दिवस फोन लागणार नाही. जाऊ ना?"

माहं डोकंच फिरलं. सारं जग वादळापासून पळते, अन् हे बाई त्याच्या मागं धावते! म्या सरळ नाही म्हटलं. आमी बाळापूरचे लोक, समुद्र कोणी पाह्यला बापा!

मंगळवारी तिनं मोबाइलवर मागच्या वादळाचे दोन फोटो धाडले. वादळाआधी पाणी निळं, वादळानंतर त्यात हिरवा पट्टा. मले वाटलं, तण माजलं. शेजारच्या पार्वताबाईले सांगून बी टाकलं, का पोरगी समुद्रात निंदण कराले चालली.

बुधवारी हे ऐकून दामिनी पोट धरून हासली. "अवं आई, तण नाही ते! डोळ्याले दिसत नाही इतकी बारीक वनस्पती आहे. तिच्यावरच मासोळ्या जगतात."

"मंग पावसानं उगवली?"

"पावसानं नाही वं. समुद्राचं खत खालच्या थंड पाण्यात राह्यते. वादळ पाणी घुसळते, खत वर येते. वर ऊन मिळालं का हिरवं होते."

आता पाहा! वाऱ्यानं आमची तूर आडवी होते, अन् तिथं उगवते! "दरवेळी होते का?"

"नाही ना. कधी होते, कधी होत नाही. काहून, ते आमालेही नीट समजलं नाही. तेच पाहाले जायचं. आज संध्याकाळपर्यंत नाव द्या लागते, नाही तर जागा दुसऱ्याले जाते."

शिकलेल्यायलेच समजत नाही, तर मले काय समजन, माय!

"किती दिवस टिकते ते हिरवं?"

"तीन-चार दिवसांत दिसते, मंग आठ-दहा दिवसांत सरते. वादळ तर कालच गेलं."

कालच! जमिनीत वाफसा आला का आमी ताटावरून उठून पेराले पळतो. दोन दिवस चुकले का ओल जाते, हंगाम हातचा जाते. मी तिच्यावर खेकसली, "मंग फोनवर काय गोष्टी करून राह्यली? निघ ना! सारं सरल्यावर काय पाहाशीन तिथं?"

ती हळूच म्हणे, "जाऊ?"

"अवं जा म्हटलं ना!"

फोन ठेवला. दामिनीच्या बाबानं विचारलं, "काय म्हणे पोरगी?" तवा कुठं मले उमगलं. दोन दिवस नाही-नाही म्हणत होती मी, अन् मीच तिले धाडून देल्लं.

आता बारा दिवस मी कसे काढू, सांगा?