डझनभर केळी

प्लासिडने पहिलं केळं सोललं आणि हात वर केला.

"हं, कर सुरू! डझन संपायच्या आत ट्रॉली सोडायची नि परत जोडायची. तेही तुझे सगळे सोपस्कार करून. हरलीस तर ट्रॅक्टर विकायचा, सेलिन. उगाच जीव घालवशील."

"आणि तू हरलास तर रविवारी तुझ्या बायकोचं, फ्लॉसीचं लुगडं नेसून चर्चमध्ये मिस्साला."

"चोळीसकट!"

सांडोरच्या आळीतले शेजारी कुंपणाला रेलून हसले. केळी मोजायला त्यांच्यातल्याच मार्सेलला बसवलं होतं.

सेलिनने इंजिन बंद केलं, ब्रेक ओढला. ट्रॉलीच्या चाकांना पुढूनमागून दगड लावले, प्रत्येकाला लाथ मारून पाहिलं. ट्रॉलीच्या दांड्याखाली जॅक दिला. मग बाजूला उभी राहून जोडाची पिन उपसली.

"एवढ्यात माझं दुसरं लग्न झालं असतं!" प्लासिड भरल्या तोंडाने ओरडला.

पावसाळ्याआधी याच उतारावर तिचा नवरा व्हिन्सेंट भरलेली ट्रॉली सोडत होता. प्लासिड केळ्यांचा व्यापारी. त्याची लॉरी रस्त्यावर खोळंबलेली. "अरे, दगडांची पूजा मागाहून कर!" असं तो ओरडला. सगळे हसले. व्हिन्सेंटही हसला, हातातला दगड बाजूला टाकला नि पिन ओढली. ट्रॉली घरंगळली ती त्याला ट्रॅक्टरवर चेपूनच थांबली.

सेलिनने ट्रॅक्टर पुढे नेला, मागे घेतला, उतरून पाहिलं. पुन्हा चढून वीतभर मागे. इंजिन बंद, ब्रेक. पिन आत गेली. जॅक काढला. दगड अगदी शेवटी काढले.

"मार्सेल, किती झाली?"

"पाच. सहावं हातात आहे."

कुंपणापाशी कुणी हसलं नाही. सेलिन सालींकडे बघत राहिली.

"एवढाच वेळ लागतो," ती म्हणाली.

प्लासिडने हातातलं केळं खाली ठेवलं.

रविवारी मिस्सा सुटल्यावर सगळी आळी त्याच्याभोवती जमली. कुणी शीळ घातली. लुगड्यातल्या प्लासिडने कंबरही हलवून दाखवली. फ्लॉसी लाजून दुसरीकडे बघत होती. तेवढ्यात मेणबत्ती घेऊन दफनभूमीकडे निघालेली सेलिन त्याला दिसली.

तो तिच्यामागे निघाला. लुगडं पायात येत होतं. पोरं खिदळत फाटकापर्यंत धावली नि तिथेच थांबली.

व्हिन्सेंटच्या क्रुसापाशी प्लासिडने पदर तोंडावर ओढून घेतला. त्याचे खांदे हलत होते.

सेलिन थोडी सरकली आणि त्याला शेजारी जागा करून दिली.