‘होऽऽ’ म्हणायचा माइक

"याला रोज पुसायचं, अन् याच्यात बोलायचं कोणी नाय! याच्यापरीस माझा पोळपाट बरा," असं पुटपुटत स्वयंपाकाच्या रंगूबाई पदराने माझी जाळी पुसतात.

मित्रांनो, मी एक जुना माइक आहे. पेठ तालुक्यातल्या एका आश्रमशाळेत दोन हजार सहा साली मी आलो. सोबत मोठा टीव्ही होता आणि छपरावर बसवायची डिशची छत्री. शहरातले सर टीव्हीतून गणित शिकवणार आणि मुलं माझ्यातून त्यांना शंका विचारणार, असं ठरलं होतं. मला हार घातला. मीही फुगलो.

शंका काही आली नाही. तास संपला की टीव्हीतले सर विचारत, "समजलं का, मुलांनो?" मुख्याध्यापक धनराज सर माझं बटण दाबत, मुलांकडे डोळे वटारत, आणि सगळा वर्ग ओरडे, "होऽऽ!" 'हो' म्हटलं की जेवणाची सुट्टी व्हायची. एवढ्या एका शब्दासाठी मला शहरातून आणलं होतं.

जेवण झालं की सिंधुबाई, म्हणजे वर्गाच्या कंत्राटी शिक्षिका, तीच गणितं ओट्यावर चिंचोके मांडून पुन्हा शिकवत. "एवढंच होय बाई!" मुलं म्हणत. तेव्हा मात्र माझं बटण कोणी दाबलं नाही.

सगळा वर्ग पास झाला. वरून शेरा आला, टीव्हीचे पाठ उत्तम, शिक्षिकेची गरज नाही. बाईंनी इतकं छान शिकवलं, की त्यांची नोकरी गेली. मुलांना हे कोणी सांगितलं नाही. मित्रांनो, माइक जपायचा म्हणजे नुसती धूळ पुसायची नसते. त्याच्यात खरं बोलायचं असतं.

मग सत्कार झाला. टीव्हीला शाल मिळाली आणि बाईंना नारळ. बाई पिशवी घेऊन दारात उभ्या होत्या. आभार मानायला सातवीतल्या निकिताला माझ्यापुढे आणलं.

"सर, बाई कुठं चालल्या?" तिने हळूच विचारलं.

"घरी. त्यांचं काम आता टीव्ही करतो. तुला शिकवलंय तेवढंच बोल." धनराज सरांनी बटण दाबलं.

"बोल बाळा," टीव्हीतले सर हसले, "आमचं सगळं समजतं ना?"

"होऽऽ!" वर्ग सवयीने ओरडला.

आवाज विरल्यावर निकिताने तोंड माझ्या अगदी जवळ आणलं.

"नाय, सर. तुमचं आम्हाला एकदाबी नाय समजलं. ते बाईंनी शिकवलं."