आत्याचा फुगा

अचाट कुटुंब परत येणार ही बातमी फुटली आणि लोकांनी जो काही धुडगूस घातला, त्याला तोड नव्हती. अठरा वर्षं बेपत्ता असलेलं कुटुंब! तेही हाडामांसाचं नव्हे, कागदावरचं, कॉमिकमधलं. पण चाळिशीला टेकलेले बाप्ये दुकानदाराला फोन करून "माझी प्रत बाजूला काढून ठेवा हं" म्हणून गळ घालत होते, आणि एकेकाळी त्या अंकासाठी बहिणीच्या झिंज्या उपटणाऱ्या बायका आता त्याच बहिणीला फोन करून मुसमुसत होत्या. रस्त्यारस्त्यावर पोस्टरं लागली. एक बंद दार आणि खाली दोनच शब्द, 'आम्ही आलो'.

ते दोन शब्द अक्षरबाईंच्या हातचे होते. बाईंना त्यांचं खरं नाव विचारणारं कुणी उरलं नव्हतं, छापखान्यापासून संपादकांपर्यंत सगळे त्यांना अक्षरबाईच म्हणत. काम सांगायला सोपं. चित्रकाराने पेन्सिलीने माणसं काढायची, लेखकाने त्यांना वाक्यं द्यायची, आणि बाईंनी टाक शाईत बुडवून ती वाक्यं फुग्यात बसवायची. मग फुग्याला शेपटी काढायची आणि ती बरोबर बोलणाऱ्याच्या तोंडाकडे वळवायची. शेपटी जरा चुकली की बापाचं वाक्य तान्ह्या बाळाच्या तोंडी जातं आणि सगळा विचका होतो. बाईंची शेपटी कधी चुकली नव्हती. अक्षरं झाली की मगच चित्रांवर शाई चढायची, त्यामुळे पान बाईंकडे यायचं तेव्हा माणसं अजून पेन्सिलीचीच असायची.

कॉमिक बंद पडल्यावर बाईंनी अठरा वर्षं दुकानांच्या पाट्या रंगवल्या, ढालींवर विजेत्यांची नावं घातली. एका वाचनालयात 'शांतता राखा' एवढं देखणं लिहिलं की लोक तिथे उभे राहून मोठमोठ्याने वाहवा करू लागले. म्हणून परत बोलावणं आलं तेव्हा त्यांनी भाव खाल्ला नाही. चष्मा पुसला आणि टाक शोधून काढला.

बोलावणं आणलं ते भाचीने. अचाट कुटुंब काढलं होतं बाईंच्या थोरल्या भावाने, दादाने. दादा गेल्याला चार वर्षं झाली होती आणि आता त्याची पेन्सिल त्याच्या मुलीच्या हातात आली होती. लहानपणी घरभर गरगर फिरायची म्हणून सगळे तिला भिंगरी म्हणत. आता चोवीस वर्षांची झाली तरी बाईंच्या तोंडी भिंगरीच.

"आत्या, तुझ्या अक्षरांशिवाय ते परत येणारच नाहीत," भिंगरी म्हणाली होती. "लोकांना तोच हात हवाय."

आणि तसं पाहिलं तर ते खरंच होतं. अचाट कुटुंबात माणसं सहा. बाबा पूल उचलायचे. आई एका श्वासापुरता काळ थांबवायची. आजोबांना भिंतीपलीकडचं दिसायचं, फक्त समोरचं वर्तमानपत्र दिसत नसे. जुळ्यांपैकी पोरगा अदृश्य व्हायचा आणि पोरगी त्याला शोधून काढायची. ती पोरगी म्हणजे हुबेहूब भिंगरी. आणि सहावी आत्या. आत्याची शक्ती म्हणजे तिचा आवाज. ती ओरडली की कोसळणारा कडा अधांतरी थांबायचा. दादा तिला चौकटीच्या कोपऱ्यात एवढीशी काढायचा, काडीसारखी, आणि बाकीची चौकट बहिणीसाठी मोकळी सोडायचा. मग बाई त्यात तिहेरी जाड कडेचा फुगा काढून अशी काही अक्षरं उभी करायच्या की पान हातात धरायची भीती वाटावी. तिहेरी कड फक्त आत्याची. अर्धी आत्या दादाची होती, तर अर्धी बाईंची, आणि बाईंना विचाराल तर अर्ध्याहून जरा जास्तच.

शेवटच्या अंकात डोंगराचा दगडी दरवाजा मिटत होता. आत अडकलेल्यांना सोडवायला पाचजण धावत आत शिरले आणि आत्या उंबरठ्यावर उभी राहून नुसत्या आवाजाने दरवाजा अडवून धरत होती. खाली लिहिलं होतं, 'क्रमशः'. तो शब्दही बाईंच्याच हातचा. त्यानंतर मासिकच बंद पडलं आणि अठरा वर्षं आत्या बिचारी तोंड उघडं ठेवून तिथेच उभी.

नव्या अंकाची पानं बाईंकडे आली तेव्हा त्यांनी सकाळचं सगळं काम बाजूला सारलं. पहिली सहा पानं हातासरशी झाली. सातव्या पानावर पाचजण दरवाज्यातून बाहेर येत होते. बाईंनी मोजले. चष्मा वर करून पुन्हा मोजले. मग शेजारी ठेवलेल्या संहितेत बाबांचं वाक्य वाचलं: 'आत्या मागेच राहिली. तिची तशीच इच्छा होती.'

टाक शाईत बुडवलेला तसाच राहिला.

ते वाक्य बाईंनी पूर्वी ऐकलं होतं, जवळजवळ शब्द न् शब्द. शेवटचा अंक छापखान्यात देऊन त्या घरी आल्या, तर दारात ट्रक उभा. दादा बिऱ्हाड हलवणार हे ठाऊक होतं. आज हलवणार, आणि आपल्याला वगळून, हे कुणी सांगितलं नव्हतं. ओसरीवर त्यांची एकटीची ट्रंक ठेवलेली. दादा शेजाऱ्यांना सांगत होता, "ती मागेच राहतेय. तिची तशीच इच्छा आहे." तिला विचारलंय कुणी? एकाने तरी? पुढच्या सीटवर बसवलेली सहा वर्षांची भिंगरी खिडकीतून बाहेर लोंबकळत ओरडत होती, "आत्या कुठंय? आत्या कुठंय?" आणि आत्या ट्रकच्या मागे, दहा पावलांवर उभी. अख्ख्या शहराला पुरेल एवढं ओरडणं जिच्या हातात होतं, त्या बाईच्या तोंडून त्या दिवशी एक शब्द फुटला नाही. ट्रक निघून गेला. नंतर सणासमारंभाला येणंजाणं राहिलं, दादाने कधी विषय काढला नाही आणि बाईंनीही काढला नाही. लोक मात्र अजून म्हणत, एकटीच राहते हो, पहिल्यापासून तिला तसंच आवडतं.

"आवडतं म्हणे!" बाई रिकाम्या खोलीत म्हणाल्या आणि टाक पुसून ठेवला.

मधली पानं उरकायला आठवडा गेला. मग एका सकाळी, कार्यालय उघडून झाडलोट चालू असतानाच, त्या बत्तीस पानांचं बाड काखोटीला मारून संपादकांच्या खोलीत हजर झाल्या. सोबत टाक आणि शाईची दौत. संपादक तिशीतला, बोलण्यात इतका मऊ की बाईंनी मनातल्या मनात त्याचं नाव गुळगुळीत ठेवलं होतं. नवी कथा त्याचीच. भिंगरी खिडकीशी मुखपृष्ठ न्याहाळत उभी होती.

"सातव्या पानावरचा फुगा रिकामा आहे," बाई म्हणाल्या. "शेवटच्या पानावरची जागाही. बाकी सगळं झालंय."

"अरे वा! मग राहिलंय कशाला, बाई?"

"ते वाक्य मी लिहिणार नाही."

गुळगुळीत हसला. "बाई, माझी अडचण समजून घ्या. आत्याचं करायचं काय? ना उडत, ना काही उचलत. मुखपृष्ठावर पाचजण कसे नेमके बसतात. आणि आपण तिला मारलेलं नाही हं. मानाने निरोप दिलाय. पुढेमागे बघू की."

"अठरा वर्षं 'क्रमशः'वर उभी आहे ती. अजून किती पुढेमागे?"

"बाई, तुम्ही लिहिलं नाहीत तरी काम अडायचं नाही," तो तितक्याच मऊपणे म्हणाला. "तुमची सगळी अक्षरं आम्ही स्कॅन करून ठेवलीत. कॉम्प्युटरवर टाइप केलं की तुमच्याच हातचं वाटेल."

"मग करा की. आणि जाहिरातीत 'तोच हात' म्हणून छापलंत, ते पुसून या आधी."

बाई भिंगरीकडे वळल्या. खरा राग तिच्यावरच होता, आणि तो लपवायची त्यांना काही गरज वाटली नाही.

"आणि तू! तुला ठाऊक होतं."

"आत्या, मी भांडले होते," भिंगरी खाली मान घालून म्हणाली. "ते म्हणाले, पाच नाहीतर अंकच नाही. मला वाटलं, निदान पाच तरी परत येऊ देत. तुला सांगायचं होतं, पण धीर झाला नाही."

"अगदी बापावर गेलीस. तोही सांगणारच होता."

भिंगरीच्या डोळ्यांत पाणी आलं. बाईंना वाईट वाटलं, पण शब्द मागे घ्यावासा वाटला नाही. त्यांनी पुन्हा संपादकांकडे मोर्चा वळवला.

"तुम्ही लहानपणापासूनचे वाचक ना आमचे? छापलंय तसं जाहिरातीत."

"म्हणजे काय! पारायणं केलीत."

"मग एक वाक्य सांगा. अचाट कुटुंबातलं कुठलंही. न बघता."

"त्यात काय," तो खुर्चीत सावरून बसला. "बाबा तो पूल उचलतात तेव्हा... काहीतरी म्हणतात. आजोबांचं ते चष्म्याचं... नाही. थांबा हं. ते नव्हतं का, पानभर असायचं ते, 'खबरदार! एक पाऊल पुढे टाकाल तर!' आम्ही गच्चीवर चढून तेच ओरडायचो. आई खालून काठी घेऊन यायची." बोलता बोलता त्याचा आवाज नकळत चढला होता. मग तो एकदम थांबला. झाडू मारणाऱ्या मावशी दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या.

"कुणाचं ते?" बाईंनी विचारलं.

"आत्याचं," उत्तर मावशींनी दिलं आणि त्या पुन्हा झाडायला लागल्या.

बाईंनी परवानगी मागितली नाही. टेबलावरचे कप सरकवले, दौत उघडली, सातवं पान पुढ्यात घेतलं. रिकामा फुगा बाबांच्या तोंडाजवळ वाट पाहत होता. त्यांनी टाक बुडवला आणि दोन शब्द लिहिले.

'आत्या कुठंय?'

भिंगरी वाकून बघत होती. ती एवढंच म्हणाली, "हे तर मी..."

"तूच. ट्रकच्या खिडकीतून. त्या सगळ्यांत तू एकटीनेच विचारलंस."

"तू ऐकलंस ते? तू कुठे होतीस?"

"मागे उभी होते. ओ द्यायला हवी होती मी, भिंगरे. दिली नाही. ती माझी चूक. आता देते."

त्यांनी बत्तिसावं पान ओढलं. शेवटची चौकट म्हणजे घर, बंद दार, टेबलाभोवती बसलेले पाचजण, आणि वर 'अखेर सगळे घरी' हे लिहायला सोडलेली जागा. 'सगळे' म्हणे! बाईंनी त्या जागेत एक रेघ ओढली, तिच्यावर दुसरी, तिच्यावर तिसरी. तिहेरी कड. फुगा वाढत वाढत छतापासून टेबलापर्यंत आला. आत्या त्या चौकटीत नव्हती आणि माणूस काढणं बाईंचं काम नव्हतं. पण शेपटी त्यांचीच. त्यांनी ती कुठल्याच तोंडाकडे नेली नाही. भिंतीवरून खाली आणली, जमिनीवरून सरळ नेली आणि बंद दाराच्या फटीतून बाहेर काढली. मग आत लिहिलं, अठरा वर्षांचं सगळं बळ लावून:

'दार उघडा! मी आलेय!'

संपादक उठून उभा राहिला. "बाई, हे मूळ पान आहे! शाईने! छपाई आठवड्यावर आलीय!" पुढचं बोलताना त्याचा मऊपणा कुठल्या कुठे गेला. "मी यावर कागदाची पट्टी चिकटवणार आहे, सांगून ठेवतो."

"चिकटवा," भिंगरी म्हणाली. तिने नाक पुसलं आणि खिशातून खोडरबर काढला. "पण मग कुटुंब कुणाकडे बघतंय, ते वाचकांना तुम्हीच समजवा."

चित्रं अजून पेन्सिलीची होती. तिने पाचही डोकी खोडली. खोडरबराचा चुरा फुंकून टाकला आणि एकेक मान दाराकडे वळवली. आधी आजोबांची, त्यांना भिंतीपलीकडचं दिसतं म्हणून. मग आई, हातातलं भांडं तसंच धरून. बाबा अर्धवट उठलेले. आता त्या फुग्यावर पट्टी लावली असती, तर पाच शहाणी माणसं उगाचच दाराकडे टक लावून बसल्यासारखी दिसली असती. संपादक टेबलाला फेरी मारून आला, पानाकडे बघत राहिला, आणि शेवटी खुर्चीत बसला. त्याने चहा मागवला. किती कप ते मावशींनी विचारलं, तेव्हा तो म्हणाला, "सगळ्यांना."

भिंगरीची पेन्सिल थांबली नव्हती. जुळ्यांतल्या पोरीची तिने नुसती मान वळवली नाही, पोरगीच खोडून टाकली. मग खुर्ची काढली, उलटी पडलेली. पोरगी काढली दारापाशी, टाचा उंचावून, हात वर.

बाईंनी चष्मा सारखा केला. "कडी फार वर आहे गं. आपल्या घरची अशीच वर होती. तिचा हात पुरणार नाही."

"माहितीये मला," भिंगरी म्हणाली. "त्या दिवशी मी ट्रकच्या दाराला लटकले होते, बाहेरची कडी काढून मागे जायचं म्हणून. हात नाही पुरला."

तिने कडी खोडली आणि खाली, पोरीच्या बोटांत, काढली.