ओला ताणा

खळीचं पातेलं चुलीवरनं उतरवून झुंबरबाई अंगणात आली आणि जागच्या जागी थांबली. अंगणाच्या बरोबर मधोमध बोराटीच्या काट्यांचं कुंपण उभं होतं. काल दिवस मावळताना तिथं काडीसुद्धा नव्हती.

कुंपणापलीकडं तिची धाकटी जाऊ चिमणाबाई म्हशीपुढं वैरण टाकत होती. पाठ मुद्दाम इकडं केलेली.

"चिमणे, ह्ये काय केलंस?"

"डोळं गेलं का? कुपाण हाय."

"आज मला ताणा घालायचा हाय. खळ शिजवून बसलोय मी."

"मग पी की ती खळ. थंड करून पी."

अंगण दोघींचं होतं. दोघी भावांच्या बायका. थोरला भाऊ गेला त्याला दोन पावसाळे झाले होते. वाटणीत माग झुंबरबाईच्या घरात आला आणि अंगण निम्मं निम्मं झालं. पण घोंगड्याचा ताणा निम्म्या अंगणात मावत नाही. लोकरीचे उभे धागे या टोकापासून त्या टोकापर्यंत खुंट्यांना ताणायचे, चिंचोक्याची खळ कुंच्यानं त्यांना चोपडायची आणि भर उन्हात वाळवायचे. त्याशिवाय ते मागावर टिकत नाहीत. खळ लागली की ताणा वाळेपर्यंत हलवायचा नाही. ओला गोळा केला तर सगळी लोकर एकमेकीला चिकटून तिचा दोर होतो. आणि शिजवलेली खळ उद्यावर ठेवली तर आंबून घाण सुटते.

आजवर ताणा दोन्ही अंगणांत पडायचा. चिमणाबाईच्या नवऱ्यानं, बाळासोनं, मागाला कधीच रामराम ठोकून ऊस लावला होता. तरी त्यानं अंगणाला कधी ना म्हटलं नव्हतं. पण नवरा गेल्यावर झुंबरबाई स्वतःच मागाच्या खड्ड्यात पाय सोडून विणायला बसली, आणि गावाच्या पोटात दुखायला लागलं. बाईनं लोकर कातावी, खळ लावावी. खड्ड्यात बसायचं ते गड्यानं.

"तू खड्ड्यात पाय सोडलास आन् माझी म्हैस आटली," चिमणाबाई आता वळून उभी राहिली. "सून पोटुशी हाय माझी. तुझी अवदसा आमच्या दारात नको."

"म्हशीला पेंड दाखवत न्हाईस, ती आटंल न्हाईतर काय करंल?"

"लई जीभ चालाय लागली! रांडमुंड बाईनं कसं ऱ्हावं ते शिक. खुरपं घे आन् माझ्या उसात भांगलायला ये. भावकीतली म्हणून हजरी देतो."

हे शेवटचं झुंबरबाईच्या काळजात रुतलं. कारण ते खरं व्हायला फारसा वेळ नव्हता. अप्पा मेंढका वर्षाची लोकर घालून गेला होता. जाताना म्हणाला होता, "मिरगाच्या आधी घोंगडी मिळाली न्हाईत, तर पुढची लोकर गडहिंग्लजच्या मागावर घालतो. राग नगा मानू. पावसात मेंढरामागं मला भिजायचं हाय, तुमाला न्हाई." एक अप्पा फिरला की बाकीचे मेंढके त्याच्यामागं जाणार. मग माग बंद. मग खुरपं. आणि बांधावर उभी राहून हुकूम सोडणार चिमणी.

तिनं खळीचं पातेलं कडेवर घेतलं, ताणा आणि खुंट्या खांद्यावर टाकल्या आणि समोरच्या रस्त्यावर गेली.

फाल्गुनाचं ऊन चढायला लागलं होतं. भुदरगडाचा डोंगर पिवळा पडून उघडाबोडका उभा होता. खाली वेदगंगेच्या काठानं उसाची हिरवी पट्टी, आणि गावातनं जाणारा हा रस्ता पार बिद्रीच्या कारखान्यापर्यंत. घरासमोर तो अगदी चिंचोळा होता, दोन्ही अंगाला दगडी गडगे. झुंबरबाईनं रस्त्यात मधोमध खुंट्या ठोकल्या, काळाभोर ताणा लांबलचक पसरला आणि कुंचा खळीत बुडवला. उसाच्या गाड्या निघायची वेळ तिला माहीत नव्हती असं नाही.

निम्मी खळ लागली नाही तोवर घुंगरं वाजली. पुढची गाडी पिराजीची. वाऱ्यानं हलणारं ते काळं लांबडं बघून बैल फुरफुरले, मागं सरले.

"अगं ए म्हातारे! रस्ता काय तुझ्या बाचा हाय?"

"न्हाई बाबा. पर अंगणबी माझ्या बाचं न्हाई असं कळलंय सकाळी. म्हणून गावाच्या जाग्यात आलोय."

"काढ त्ये! न्हाईतर वरनं गाडी घालतो."

"घाल की."

पिराजीनं चाबूक उगारला आणि तसाच खाली घेतला. पसरलेला ताणा ओलांडायचा नाही, ओलांडणाऱ्याच्या घरात पाळणा हलत नाही, हे गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. पिराजीच्या घरात नुकतीच नवी सून आली होती. त्यानं मागं बघितलं. मागच्या गाडीवर बाळासो, तोंड पाडून.

"बाळासो, तुझी भावजय हाय. तू हो म्होरं."

बाळासो उतरला, ताण्याजवळ आला आणि दोन पावलं आधीच थांबला. "वैनी, सांजच्या आत कारखान्यावर गाडी लागाय पायजे. तोडलेला ऊस वाळतोय."

"माझीबी लोकर वाळतीया, भावजी. ती वाळली की उचलतो."

गाड्यांची रांग वाढली. बैल शेण टाकू लागले, गाडीवान शिव्या. कुणी म्हणालं हिला उचलून बाजूला ठेवा, कुणी म्हणालं खड्ड्यात बसणाऱ्या बाईचं डोकं फिरायचंच. सरपंच गणपतराव टोपी सारखी करत आले.

"झुंबरबाई, मी हुकूम करतो. ताणा काढा."

"काढा की सरपंच. तुमच्या हातानं काढा. दोर झाला तर बैलाला बांधाय घेऊन जावा."

गणपतरावांनी ताण्याकडं बघितलं, मग स्वतःच्या हातांकडं, आणि ते मागं सरले. "दुसरी वाट न्हाई व्हय रे?"

"हाय की," झुंबरबाई कुंचा थांबवत नव्हती. "आमच्या अंगणातनं गाडी सरळ ताण्याच्या पल्याड रस्त्याला निघती. माझ्या निम्म्यातनं खुशाल जावा. फुडचं तिला इचारा."

सगळ्यांच्या माना एकदम चिमणाबाईकडं वळल्या.

"मी न्हाई काढायची!" चिमणाबाई ओरडली. "माझ्या अंगणातनं गाड्या? माझं दार हाय का कारखान्याचा नाका? त्यापरास जावा की ताण्यावरनं! एवढं गडी हाईसा, एका रांडमुंडीला भेतायसा?"

"बरं," गाडी मागच्या रुंद जाग्यात कडेला घेत पिराजी म्हणाला. "मग पयली गाडी तुझ्या दादल्याची जाऊ दे. बाळासो, घे फुडं."

बाळासोनं कासरा धरला. तेवढ्यात दारात सून येऊन उभी राहिली, पोटावर हात ठेवून. चिमणाबाईनं तिच्याकडं बघितलं आणि तिचा आवाज फाटला.

"आवं, थांबा! थांबा म्हणतो न्हवं!"

तिनं पदर खोचला आणि रात्रभर राबून घातलेलं कुंपण आपल्याच हातानं उपसायला लागली. एक गडी मदतीला हलला नाही. बोराटीचा काटा वाकडा, शिरतो आणि सोडत नाही. हाताला रक्त आलं तशी ती झुंबरबाईच्या सात पिढ्यांचा उद्धार करत राहिली. झुंबरबाई ताण्याच्या या टोकाकडनं त्या टोकाकडं जात होती, कुंचा फिरवत. एकदाही वर बघितलं नाही.

गाड्या गेल्या. उसाच्या शेंड्यांनी चिमणाबाईच्या पडवीच्या छपराचं गवत ओरबाडलं, पिराजीच्या चाकाखाली म्हशीची पाण्याची दगडी डोण फुटली. त्यानं मागं वळूनही बघितलं नाही.

उन्हं कलली तेव्हा ताणा वाळून तारेसारखा ताठ झाला होता. झुंबरबाईनं तो गुंडाळून खांद्यावर घेतला.

"उद्या परत घालीन कुपाण!" चिमणाबाई फुटक्या डोणीपाशी बसून काटे काढत होती.

"घाल. उद्यापास्नं मला अंगण नकोच. आता विणायचं हाय."

"आन् फुडचा ताणा?"

"रस्ता हाय की. ऊसबी हाय तुझा."

दिवस मावळल्यावर झुंबरबाई मागाच्या खड्ड्यात उतरली. दोन्ही घरांच्या मधल्या भिंतीवर पलीकडनं मुसळ आपटलं, एकदा, दोनदा. तिनं हातातली फणी अशी जोरात ठोकली की भिंतीची माती खाली आली.

कोपऱ्यात तिची चूल पेटली होती. अंगणात विखुरलेल्या बोराटीच्या काट्या तिनं गोळा करून आणल्या होत्या. चांगल्या वाळलेल्या होत्या. दोन-चार वेळची खळ त्यांच्यावर सहज शिजली असती.