भालेराव टाकी सफाईची तक्रार वही

टाकीत उतरलं की आनंदा भालेराव गाणं म्हणायचा. बाहेर त्याचा आवाज कोणी ऐकून घेतला नसता, पण सिमेंटच्या टाकीत तो असा काही घुमायचा की त्याचा त्यालाच आनंद व्हायचा. एका हातात काथ्याचा ब्रश, कमरेला दोरी, पायाखाली घोटाभर गाळ आणि तोंडात गाणं. अंबरनाथची कंपनी बंद पडल्यापासून चार वर्षं तो हेच काम करत होता आणि कंपनीत अठरा वर्षांत आला नव्हता एवढा आनंद त्याला इथे यायचा.

त्या दिवशी तो उल्हासनगरला, कॅम्प तीनमधल्या मुकेश सेठच्या बिल्डिंगवर होता. मुकेश सेठ सोसायटीचा सेक्रेटरी. खाली त्याचं पडद्याच्या कापडांचं दुकान होतं. टाकी धुवायची म्हटली की दुकान मुलाच्या स्वाधीन करून तो गच्चीवर खुर्ची टाकून बसायचा आणि दर पाच मिनिटांनी टाकीच्या तोंडातून टॉर्च मारायचा.

"साईं, वो कोपरा राहिला."

"तो झाला, सेठ. ओला आहे म्हणून काळा दिसतो."

"शेजारच्या बिल्डिंगचा ओला असून पांढरा दिसतो."

"शेजारची टाकी पण मीच धुतली."

"मग माझी का नाही तशी? मी काय दुश्मन आहे तुझा?"

आनंदाने तो कोपरा पुन्हा घासला. काम संपवून, टाकी दोनदा धुऊन, औषध टाकून तो वर आला, तेव्हा मुकेश सेठ हात पुढे करून उभाच होता.

"वही दे."

वही म्हणजे तक्रार वही. ही कल्पना आनंदाच्या बायकोची, शीलाची. ती बचत गटाची सचिव होती. एकदा तपासणीला आलेल्या साहेबाने गटाच्या वहीतलं एक पान फाटलेलं बघून सगळ्या बायकांना दोन तास उभं केलं होतं. तेव्हापासून शीला कुठलीही वही घेतली की आधी लाल पेनाने प्रत्येक पानावर नंबर टाकायची. टाकी सफाईच्या वहीतही तेच. डाव्या बाजूला गिऱ्हाइकाने लिहायचं, उजव्या बाजूला 'कार्यवाही' म्हणून शीलाने लिहायचं. गिऱ्हाइकं साधारण 'काम चांगले' एवढं लिहून सही करत. मुकेश सेठ मात्र पान भरून लिहायचा, आणि खाली मोबाइल नंबरसकट सही ठोकायचा. अडतीस पानांतली अकरा त्याची एकट्याची होती.

आनंदा घरी आला तेव्हा मेहुणा राजेंद्र बसलेला होता. राजेंद्र एका सिक्युरिटी एजन्सीत सुपरवायझर होता.

"दाजी, आनंदनगरला एका कारखान्याच्या गेटवर माणूस पाहिजे. बारा तास ड्युटी, बसून काम. मी तुमचं नाव सांगून ठेवलंय. रविवारी संध्याकाळपर्यंत हो की नाही कळवा, सोमवारी हजर व्हायचं."

आनंदाने शीलाकडे पाहिलं. ती चहा गाळत होती.

"फोन आला का आज कोणाचा?" त्याने विचारलं. मोबाइल तिच्याकडेच असायचा, कारण आधीचा त्याने टाकीत पाडला होता.

"आला. राँग नंबर."

महिन्यात चार टाक्या, कधी तीन. तीन-चार महिन्यांतून एकदा त्यात मुकेश सेठची. ठाण्याहून आलेल्या कंपन्या गाडी, गणवेश, मोठा पाइप घेऊन यायच्या आणि नव्या इमारती उचलून न्यायच्या. आनंदाला हे कळत होतं. गेटवर खुर्चीत बसून येणाऱ्या-जाणाऱ्या ट्रकांचे नंबर लिहायचे, हे त्याला नको वाटायचं. पण मुलीचं, यशूचं, कॉलेज अजून दोन वर्षं होतं.

"विचार करतो," तो राजेंद्रला म्हणाला. म्हणजे तो जवळजवळ हो म्हणाला, हे तिघांनाही समजलं.

यशू, म्हणजे यशोधरा, कॉलेज करून एका सायबर कॅफेत दुपारचं काम बघायची. रात्री जेवताना ती म्हणाली, "पप्पा, त्या ठाण्याच्या लोकांची वेबसाइट आहे. बदलापूरला नवीन राहायला येणारे सगळे ऑफिसवाले. ते आधी कॉम्प्युटरवर बघतात. आपली पण करू. फुकटात जागा मिळते, मी बनवते."

"त्यावर काय घालायचं? माझा फोटो?"

"फोटो नको," शीला म्हणाली, "लोक पाणी प्यायचे बंद होतील."

यशूने हसत सांगितलं, की आपलं काम काय ते लिहायचं, फोन नंबर द्यायचा आणि गिऱ्हाइकांची मतं टाकायची. मतं महत्त्वाची. ठाण्याच्या लोकांनी वीस जणांची टाकलीत.

"मग वही आहे की," शीला म्हणाली.

बुधवारी यशूने वही कॅफेत नेली. तिथे स्कॅनर होता. चांगली चांगली सात-आठ पानं निवडून टाकावीत असं तिच्या मनात होतं. तिने आईला फोन करून विचारलं, कुठली पानं घेऊ.

"कुठली म्हणजे? सगळी."

"मम्मी, तक्रारीची कशाला?"

"पानांना नंबर आहेत ना? पाचनंतर नऊ आलं तर वाचणारा विचारील, सहा-सात-आठ कुठं गेली. दोन तास उभं राहायला मी नाही येणार."

यशूने आईपुढे हात टेकले आणि एक ते अडतीस सगळी पानं चढवली, लाल नंबरांसकट.

आनंदाला ते शनिवारी सकाळी कळलं. यशूने त्याला कौतुकाने कॅफेत नेलं, खुर्चीवर बसवलं आणि वेबसाइट उघडली. वर 'भालेराव टाकी सफाई', खाली पत्ता, फोन. मग पानं सुरू झाली. त्याने वाचायला सुरुवात केली आणि खुर्ची आणखी पुढे ओढली.

पान चार. 'माणूस टाकीत गाणी म्हणतो. दुपारची झोप मोडली.' समोर शीलाचं अक्षर: 'कार्यवाही – दोन ते चार गाणे बंद.'

पान सहा, त्याच बिल्डिंगचा दुसरा रहिवासी. 'या वेळी गाणे नव्हते. काम चालू आहे की नाही कळेना.' 'कार्यवाही – मधून मधून खोकण्यास सांगितले आहे.'

पान सतरा, मुकेश सेठ. 'टाकी धुतल्यापासून पाण्याला पहिल्यासारखी टेस्ट नाही.' 'कार्यवाही – पहिली टेस्ट गाळाची होती. गाळ चार घमेली निघाला. सेठना दाखवला.'

पान बावीस, मुकेश सेठ. 'सफाईनंतर पाणी बारीक येते.' 'कार्यवाही – जाऊन पाहिले. नळाची जाळी तुंबली होती, साफ केली. टाकीचा दोष नाही. चहा दिला नाही.'

"हे चहाचं कशाला लिहिलं तिने?" आनंदा पुटपुटला.

"मम्मी म्हणते, घडलं ते लिहायचं."

"यशू, हे काढ. आत्ताच्या आत्ता काढ. लोक काय म्हणतील? टाकी धुणारा चुकतो, गातो, भांडतो, हे आपणच जगाला सांगतोय."

यशूने माउसला हात लावला आणि पडदा काळा झाला. पंखा थांबला. भारनियमन. आता चार तास काही होणार नव्हतं.

घरी येऊन आनंदा शीलावर चिडला. वर्षातून एकदा चिडायचा तो, त्यामुळे त्याला ते नीट जमायचं नाही.

"अगं, एवढी वर्षं काम केलं, त्याची तू शोभा केलीस."

"अहो यशूचे पप्पा, खोटं आहे का त्यातलं काही?"

"खरं आहे म्हणूनच म्हणतो."

एवढ्यात मोबाइल वाजला. शीलाने उचलला, ऐकलं, "हो, हो, आम्हीच ते" म्हणाली आणि तोंडावर हात ठेवून आनंदाकडे पाहिलं.

"बदलापूरहून आहे. कोणी दातारबाई. उद्या अकराला बोलावलंय आपल्याला. वही घेऊन."

"वही कशाला?"

"ते मी नाही विचारलं. बाईंचा आवाज कडक आहे."

दातारबाई म्हणजे उमा दातार, बदलापूर पूर्वेच्या एका नव्या संकुलाच्या अध्यक्ष. चौदा इमारती, त्यांच्या वरच्या चौदा टाक्या आणि खालच्या चौदा. बाई टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झालेल्या. सोसायटीच्या ऑफिसात पाच कमिटी मेंबर ओळीने बसले होते आणि टेबलावर कॉम्प्युटर उघडा होता. त्यावर पान सतरा होतं. आनंदाने ते दारातूनच ओळखलं आणि पाय मागे घेतला. मागे शीला होती. तिने त्याला पुढे ढकललं.

"बसा भालेराव," बाई म्हणाल्या. "वही बघू."

त्यांनी वही घेतली आणि कॉम्प्युटरवरचं एकेक पान वहीशी ताडून पाहिलं. एकोणीस पाहिलं, एकतीस पाहिलं. वहीची शिवण अंगठ्याने दाबून पाहिली.

"पान फाडलेलं नाही," त्या मेंबरांना म्हणाल्या. "मी चार वेबसाइट पाहिल्या. बाकी तिन्हींवर प्रत्येक जण 'उत्तम सेवा' म्हणतो. एकाच माणसाने बसून लिहिल्यासारखं. त्यातल्या एकाला मी विचारलं, मला तुमच्या एखाद्या गिऱ्हाइकाचा फोन नंबर द्या. आजपर्यंत दिला नाही. इथे नंबर लिहिलेलाच आहे."

आणि त्यांनी मोबाइल काढला, नंबर फिरवला, स्पीकर चालू करून टेबलाच्या मधोमध ठेवला. आनंदाने डोळे मिटले.

"हां, मुकेश बोलतो."

"नमस्कार, मी बदलापूरहून बोलतेय. भालेराव टाकी सफाईबद्दल विचारायचं होतं."

"ओ हो. विचारा. कालपासून तुमचा तिसरा फोन आहे." मुकेश सेठचा आवाज खूश होता. "बाई, लिहून घ्या. एक, हा माणूस गातो. दोन, टाइमपेक्षा दहा मिनिट आधी येतो, माझी पूजा असते तेव्हा. तीन, कोपरा."

"कोपऱ्याचं काय?"

"काळा दिसतो."

"असतो का?"

"असतो असं नाही. दिसतो."

कमिटीतला एक मेंबर खाली बघून खांदे हलवायला लागला. मुकेश सेठ सात मिनिटं बोलला. सात नंबरपर्यंत आला. बाईंनी मध्ये अडवलं नाही, शेवटी फक्त विचारलं, "मग तुम्ही याला तीन वर्षांत अकरा वेळा का बोलावलंत?"

फोनमधून दुकानाचं दार लोटल्याचा आवाज आला.

"बाई," मुकेश सेठ हळू म्हणाला, "मी आधी चार माणसं करून पाहिली. मी एक शब्द बोललो की परत यायची नाहीत. हा येतो. मी बोलतो, तो ऐकतो, परत कोपरा घासतो. मग मी रात्री त्या टाकीचं पाणी बिनधास्त पितो. अजून काय पाहिजे? पण तुम्ही कोण? तुमची बिल्डिंग केवढी?"

"चौदा इमारती आहेत."

"चौदा? मग नका देऊ त्याला. नाही, द्या. द्या, पण सांगून ठेवा, माझी तारीख पहिली. नाही तर मी वहीत लिहीन."

आता सगळे मेंबर उघडच हसत होते. शीला पदराआड हसत होती. आनंदाने डोळे उघडले, पण कुठे बघावं ते त्याला कळेना, म्हणून तो वहीकडे बघत बसला.

वर्षाचं काम ठरलं. चौदा इमारती, तीन महिन्यांतून एकदा, सोबत आणखी दोन माणसं घ्यायची. दातारबाईंची अट एकच होती, असली एक वही सोसायटीच्या ऑफिसातही ठेवायची.

"पानांना नंबर मी घालून देईन," शीला म्हणाली. "तुमच्या माणसांनी घातले तर चुकतील."

"चुकतील," दातारबाईंनी मान्य केलं आणि चहा मागवला.

परतताना दोघं अंबरनाथला उतरले. शीला भाजी घ्यायला थांबली आणि आनंदा सरळ राजेंद्रच्या घरी गेला. संध्याकाळ व्हायची होती. वाटेत त्याने वाक्य जुळवून ठेवलं होतं. मेहुण्याने शब्द टाकला होता, त्याला वाईट वाटू नये.

"राजेंद्र, तू माझ्यासाठी एवढं केलंस, पण ते गेटचं काम..."

"कुठलं? आनंदनगरचं?" राजेंद्र टीव्हीवरून नजर न काढता म्हणाला. "तिथं माणूस लागला, दाजी. ताईनं शुक्रवारीच फोन करून सांगितलं, ते येणार नाहीत म्हणून."

"शुक्रवारी?"

"सकाळी सकाळी. मी म्हटलं, ताई, दाजींना तरी विचार. तर म्हणाली, त्यांना विचारलं तर ते हो म्हणतील."

राजेंद्रच्या बायकोने पाणी दिलं, ते आनंदा प्याला. शुक्रवारी बदलापूरचा फोन आला नव्हता. शुक्रवारी कोणाचाच फोन आला नव्हता.

घरी आला तर शीला दारात मेथी निवडत बसली होती. यशू आत कोणाला तरी फोनवर टाकीचं माप विचारत होती. आनंदा शीलाशेजारी उंबऱ्यावर बसला आणि एक जुडी स्वतःपुढे ओढली.

"राजेंद्रकडे गेलो होतो."

"बरा आहे का?"

"बरा आहे." त्याने चार काड्या निवडल्या. "शीला, आज बदलापूरचं जमलं नसतं तर?"

"तर उद्या दुसरीकडचं बघितलं असतं."

"आणि तेही नसतं जमलं तर?"

शीलाने त्याच्या हातातली काडी घेतली, त्याने पानांबरोबर टाकलेला देठ खुडून बाजूला केला आणि म्हणाली, "अठरा वर्षं तुम्ही कंपनीतून घरी आलात, ते चेहरे मी बघितलेत. आणि चार वर्षं टाकीतून आलेले पण बघतेय. मला चूल पेटवायची असते, पण समोर कोण बसतंय जेवायला, ते पण बघायचं असतं. देठ नका टाकू त्यात, कडू होते भाजी."

आनंदाने देठ वेगळे काढायला सुरुवात केली. आतून यशूने हाक मारली, "पप्पा, बदलापूरच्या कात्रपहून विचारतायत, मंगळवारी जमेल का?"

"जमेल म्हण," तो म्हणाला.